युरोपातील पुरवठा-साखळीचे नवउद्योग : पक्वतेची पारख

आमच्या संघाच्या ज्या सभासदांचा माल युरोपात जातो, मग तो ओतीव सुट्या भागांचा असो, हळदीचा असो, बेदाण्याचा असो वा तयार कपड्यांचा असो, त्यांच्या पेढीवर अलीकडे एक नव्या तऱ्हेचे पत्र येऊ लागले आहे. त्यात दराची घासाघीस नसते, मालाच्या प्रतीबद्दल तक्रारही नसते. तिकडचा ग्राहक एवढेच कळवितो की, अमुक नावाच्या कंपनीच्या संगणकप्रणालीत आपण आपल्या पेढीची नोंद करावी. कारखान्याची माहिती, कामगारांची संख्या, कच्चा माल कोठून येतो, माल कोणत्या दिवशी कोणत्या बोटीवर चढला, हा सर्व तपशील तीत भरावा आणि पुढील व्यवहार तिच्याच द्वारे व्हावा. ही कंपनी ग्राहकाची नसते. पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना, लंडन अशा एखाद्या शहरी थोड्याच वर्षांपूर्वी निघालेली ती तिसरीच पेढी असते. होकार द्यावा, तर आपल्या धंद्याची अंतःस्थ माहिती, वर्गणीचे पैसे आणि मुनिमाचे अनेक दिवस अनोळखी हाती सोपवावे लागतात. नकार द्यावा, तर महत्प्रयासाने मिळविलेला ग्राहक दुसरीकडे जाण्याची भीती. अशा वेळी पहिला प्रश्न हाच उभा राहतो की, ही तिसरी पेढी पक्व आहे की कच्ची? आणखी पाच वर्षांनी ती जागेवर असेल काय? या प्रश्नाचा विचार कसा करावा, हे युरोपातच घडलेल्या गोष्टींच्या आधारे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

पुरवठा-साखळी हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. शेतातून अगर खाणीतून निघालेला जिन्नस गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत जितके हात, जितकी गोदामे, जितकी वाहने आणि जितके कागद लागतात, त्या सर्वांची ती मालिका होय. या मालिकेतील एकेक कडी धरून युरोपात नवनव्या कंपन्या उभ्या राहिल्या. ज्यांस हल्ली ‘स्टार्टअप’ म्हणतात, त्यांस आम्ही येथे नवउद्योग म्हणतो. पॅरिसची शिपिओ ही २०१४ साली निघालेली कंपनी मालाची गाडी या क्षणी कोठे आहे, हे कळविते. बर्लिनची सेंडर ही २०१५ ची कंपनी माल आणि मालमोटार यांची गाठ घालून देते. ऑस्लोची झेनेटा २०१२ पासून बोटींच्या भाड्यांचे दर गोळा करून त्यांची तुलना विकते. हेलसिंकीची रेलेक्स दुकानदारास उद्या किती माल खपेल, याचा अदमास काढून देते. पॅरिसची इकोव्हॅडिस, व्हिएन्नाची प्रीवेव्ह यांसारख्या कंपन्या माल पुरविणाऱ्याचीच पारख करतात. आणि काही कंपन्या या साखळीतून केवळ पैसा फिरवितात. या सर्वांची पक्वता एकाच मापाने मोजू पाहणे म्हणजे सोने आणि सरपण एकाच काट्यावर तोलणे होय. तथापि असे एक माप युरोपात सरकारी मान्यतेने वापरात आहे, म्हणून त्याची ओळख आधी करून घेतली पाहिजे.

हे माप अमेरिकेत जन्मले. तेथील नासा या अवकाश-संशोधन संस्थेत १९७४ साली स्टॅन सॅडिन यांनी तंत्राच्या सिद्धतेच्या सात पायऱ्या कल्पिल्या. पुढे त्यांच्या नऊ झाल्या. अवकाशयानात बसवावयाचे यंत्र अजून कागदावर आहे की प्रयोगशाळेत चालले आहे की प्रत्यक्ष अंतराळात जाऊन आले आहे, हे एका आकड्यात सांगता यावे, एवढाच तिचा उद्देश होता. युरोपीय संघाने २०१४ साली सुरू केलेल्या ‘होरायझन २०२०’ या संशोधन-कार्यक्रमात हीच नऊ पायऱ्यांची शिडी स्वीकारली. पहिल्या पायरीवर केवळ मूलतत्त्व दिसलेले असते. चौथीवर प्रयोगशाळेत पडताळा आलेला असतो. सहावीवर खऱ्यासारख्या परिस्थितीत प्रात्यक्षिक झालेले असते. आणि नववीवर यंत्रणा प्रत्यक्ष व्यवहारात चालून सिद्ध झालेली असते. युरोपीय संघाची जी संस्था नवउद्योगांस २५ लाख युरोपर्यंत अनुदान देते, ती अर्जदार या शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे, हे पाहूनच विचार करते. त्यामुळे कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘आमचे तंत्र आठव्या पायरीवर आहे’, ‘नवव्या पायरीवर आहे’ अशी वाक्ये आढळतात. वाचणारास वाटते की, नववी पायरी म्हणजे कळस झाला, आता भीती नाही.

या शिडीस आमचा आक्षेप नाही. जे मोजावयास ती केली, ते ती नेमके मोजते. परंतु ती यंत्र मोजते, पेढी मोजत नाही. अवकाशयानाला प्रतिस्पर्धी नसतात, त्याला गिऱ्हाईक टिकवावे लागत नाही, आणि त्याचे पैसे उधारीवर अडकत नाहीत. एकाच नयाने पाहिलेली वस्तू अर्धीच दिसते, हे आपणा जैन मंडळींस नव्याने सांगावयास नको. नवव्या पायरीवर पोचलेली यंत्रणाही कशी बंद पडते, याचे ठळक उदाहरण कोपनहेगनच्या मार्स्क या जगप्रसिद्ध जहाज कंपनीने घालून दिले आहे.

मार्स्क आणि अमेरिकेची आयबीएम या दोघींनी जानेवारी २०१८ मध्ये एका संयुक्त उपक्रमाची घोषणा केली. त्याचे नाव ट्रेडलेन्स. एका कंटेनरमागे किती तरी खात्यांचे व पेढ्यांचे कागद फिरतात. ते सर्व कागद सर्वांना एकाच वेळी दिसावेत आणि कोणासही त्यात गुपचूप खाडाखोड करता येऊ नये, अशी ही ब्लॉकचेन पद्धतीची सामाईक वही होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती व्यवहारासाठी खुली झाली. तंत्र उत्तम चालले. भांडवलाची वाण नव्हती. २०१९ मध्ये एमएससी, सीएमए सीजीएम आणि हापाग-लॉइड या बड्या जहाज कंपन्यांनीही सामील होण्याचे जाहीर केले. आणि तरीही २९ नोव्हेंबर २०२२ रोजी दोन्ही मालकांनी ती बंद करीत असल्याचे प्रसिद्ध केले. २०२३ च्या पहिल्या तिमाहीअखेर तिचे काम थांबले. साऱ्या व्यवसायाचे जे सहकार्य मिळावयास हवे होते ते मिळाले नाही, असे कारण त्यांनी स्वतःच दिले.

हे सहकार्य का मिळाले नाही, याचे उत्तर कोणत्याही बाजारपेठेतील आडत्या देऊ शकेल. बाजारातील सर्वांत मोठ्या आडत्याने उद्या एक सामाईक वही काढली आणि इतर सर्व आडत्यांनी आपापला माल, गिऱ्हाईक व भाव तीत लिहावा असे सुचविले, तर वही कितीही सुरेख असो, तीत मनापासून कोण लिहील? इतर जहाज कंपन्यांची अशी शंका प्रारंभीच प्रकट झाली होती. पुढे काही कंपन्या सामील झाल्या, पण ज्या व्यापक प्रमाणात त्या वहीचा उपयोग झाल्याने ती स्वतःचा खर्च भागवू शकली असती, ते प्रमाण आलेच नाही. याउलट, बड्या जहाज कंपन्यांनी २०१९ साली ॲमस्टरडॅम येथे एक सामाईक संस्था काढली, तिच्याकडे केवळ नियम व नमुने ठरविण्याचे काम दिले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्या नऊ सभासद कंपन्यांनी २०३० पर्यंत बिल ऑफ लेडिंग पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक करण्याचा संकल्प जाहीर केला. त्या नऊंत मार्स्कही आहे.

आपल्याकडील एक गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. नाशिक, सांगली भागांतील द्राक्षे युरोपात जातात, हे आपण जाणतो. २००३ साली त्यांत कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने तिकडे मोठा गहजब झाला. त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात-विकास संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट नावाची नोंदप्रणाली सुरू केली. प्रत्येक बागेस नोंदणी क्रमांक, मान्य प्रयोगशाळेत नमुन्याची तपासणी, आणि पेटीपासून थेट बागेपर्यंत मागे जाता येईल अशी नोंद, असे तिचे स्वरूप आहे. तंत्राच्या दृष्टीने ट्रेडलेन्सपुढे ती साधीच म्हणावी लागेल. परंतु एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या निर्यातदारांनी ती स्वीकारली, कारण वही ठेवणारा स्वतः द्राक्षे विकत नव्हता. वहीवाला कोण, हा प्रश्न वही कशी आहे या प्रश्नाच्या आधी विचारावयाचा असतो.

तंत्र तयार आणि पेढीही प्रामाणिक, पण कायदाच तयार नाही, असेही घडते. बिल ऑफ लेडिंग हा कागद ज्याच्या हाती, त्याचा बोटीवरील मालावर हक्क. म्हणून तो कागद हातोहात विकता येतो. या कागदाचे इलेक्ट्रॉनिक रूप लंडनच्या बोलेरो या संस्थेने १९९९ च्या सुमारासच व्यवहारात आणले. परंतु जी वस्तू हातात धरता येत नाही तिचा ‘ताबा’ असू शकतो, हे इंग्लंडचा कायदा मानीत नव्हता. आणि जगातील पुष्कळशा सागरी व्यापाराचे करार इंग्लंडच्याच कायद्याखाली होतात. परिणामी सर्व पक्षकारांनी आधी एका खाजगी नियमावलीवर सह्या केल्या, तरच तो व्यवहार चाले. हा अडसर ब्रिटिश पार्लमेंटच्या नव्या कायद्याने २० सप्टेंबर २०२३ पासून दूर केला. म्हणजे जवळजवळ पाव शतक तंत्र उंबरठ्यावर थांबून होते. या काळात ज्यांनी अशा कंपन्यांची पक्वता केवळ यंत्रावरून ठरविली, त्यांचा अंदाज दरवर्षी चुकत राहिला असला पाहिजे.

आता पैशाकडे वळू. व्यापाऱ्याचे घर बुडते ते येथे, आणि म्हणून या भागावर आम्ही थोडे अधिक रेंगाळणार आहोत.

लंडन येथे २०११ साली ग्रीनसिल कॅपिटल ही कंपनी निघाली. तिचा धंदा पुरवठा-साखळीतील अर्थपुरवठ्याचा होता. मोठ्या कारखान्याने लहान व्यापाऱ्याकडून माल घेतला, बीजक मान्य केले, पण पैसे नव्वद दिवसांनी देण्याचे ठरले. ग्रीनसिल त्या व्यापाऱ्यास थोडी कसर कापून आजच पैसे देई आणि मुदत भरली की कारखान्याकडून पुरी रक्कम घेई. हे वाचून ज्यांच्या घरी आजोबांच्या वह्या अजून जपलेल्या आहेत, त्यांना हसू येईल. कारण ही मुदती हुंडी वटविण्याचीच रीत झाली. किंबहुना आपल्या पूर्वजांची जोखमी हुंडी याहूनही सूक्ष्म होती. पाठविलेला माल सुखरूप पोचला, तरच ती हुंडी फेडावयाची असे. सबब ती वटविणारा सावकार एकाच वेळी कर्ज देई आणि विमाही उतरवी. वाटेची जोखीम नेमकी कोणाच्या माथी आहे, हे त्या कागदाच्या नावातच लिहिलेले असे.

ग्रीनसिलच्या कागदांत ही गोष्ट लिहिलेली नव्हती असे नाही, परंतु ती अनेक थरांखाली दडली होती. कंपनी आपल्याकडील येण्यांच्या पुडक्या बांधी, त्यांवर विमा उतरवी आणि त्या रोख्यांच्या रूपाने विकी. स्वित्झर्लंडच्या क्रेडिट स्विस या बँकेच्या चार निधींनी असे सुमारे १,००० कोटी डॉलरचे रोखे घेतले होते. जर्मनीत ब्रेमेन येथे ग्रीनसिलची स्वतःची बँकही होती, आणि अधिक व्याजाच्या आशेने कित्येक जर्मन नगरपालिकांनी तीत ठेवी ठेवल्या होत्या. २०१९ साली जपानच्या सॉफ्टबँकेच्या निधीने या कंपनीत सुमारे १५० कोटी डॉलर घातले. ब्रिटनचे एक माजी पंतप्रधान तिचे सल्लागार होते. बाहेरून पाहता पक्वतेचे एकही लक्षण उणे नव्हते.

आतली गोष्ट मात्र निराळी होती. कंपनीने काही कर्जे झालेल्या विक्रीवर न देता पुढे होणाऱ्या विक्रीवर दिली होती. म्हणजे ज्या मालाचा सौदा अद्याप झालेला नाही आणि ज्याचे बीजक अजून फाडलेले नाही, त्याची हुंडी आज वटविली गेली. शिवाय यातील मोठ्या रकमा थोड्याच ऋणकोंकडे गुंतल्या होत्या. १ मार्च २०२१ रोजी विम्याची मुदत संपली आणि विमा कंपनीने ती वाढविली नाही. त्याच दिवशी क्रेडिट स्विसने आपले निधी गोठविले. ३ मार्चला जर्मन नियंत्रकांनी ब्रेमेनच्या बँकेचे व्यवहार थांबविले, आणि ८ मार्चला लंडनची कंपनी प्रशासकांच्या स्वाधीन झाली. दहा वर्षांचा डोलारा आठ दिवसांत खाली आला. बँकेतील सामान्य ठेवीदारांस ठेव-संरक्षणाचा आधार मिळाला; नगरपालिका त्या संरक्षणात बसत नव्हत्या.

यातील एक बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या संगणकप्रणालीवर ग्रीनसिलच्या पैशाने बीजके वटविली जात, त्यांतील एक महत्त्वाची प्रणाली टॉलिया या दुसऱ्याच कंपनीची होती. ग्रीनसिल बुडाल्यावर टॉलिया बुडाली नाही. तिने दुसऱ्या बँकांकडून पैसा उभा केला, आणि २०२२ मध्ये एसएपी या जर्मन कंपनीने ती आपल्या कक्षेत घेतली. यंत्र निर्दोष होते, दोष तिजोरीत होता. नऊ पायऱ्यांच्या शिडीला तिजोरी दिसत नाही. म्हणून अर्थपुरवठा करणाऱ्या कोणत्याही नवउद्योगास आमचा पहिला प्रश्न असा असेल की, आपण जो पैसा देता तो कोणाचा, आणि तो ज्या कागदावर देता त्यातील माल गोदामातून निघाला आहे काय?

मालमोटारींची गाठ घालून देणाऱ्या कंपन्यांची परीक्षा याहून सोपी, पण तीत एक फसगत आहे. युरोपातील रस्त्यांवर मालमोटारी जितके अंतर कापतात, त्यापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा त्या रिकाम्या धावतात. हा रिकामा फेरा भरून काढण्याचे आश्वासन या कंपन्या देतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु त्या आपली उलाढाल कशी सांगतात ते पाहा. समजा, माल पाठविणाराने १,००० युरो भाडे दिले आणि मोटारवाल्यास ९०० द्यावे लागले. कंपनीची खरी कमाई १०० युरो. माहितीपत्रकात मात्र १,००० हाच आकडा येतो. हिशेबाच्या नियमांत यास विशिष्ट परिस्थितीत परवानगीही आहे. तथापि ज्या आडत्याने शेतकऱ्याचा सारा माल आपल्याच विक्रीत धरून ‘माझा धंदा कोट्यवधींचा’ असे सांगितले, त्याच्याशी आपण किती दिवस व्यवहार ठेवू? उलाढाल दुप्पट झाली या वाक्याला अर्थ नाही. मोटारवाल्याचे देणे भागवून आणि नोकरांचे पगार देऊन काही उरले काय, एवढेच विचारावे. सेंडरने २०२० मध्ये फ्रान्सच्या एव्हरोडशी विलीनीकरण केले, त्याच वर्षी उबरचा युरोपातील मालवाहतुकीचा धंदा घेतला, आणि १९०५ साली स्थापन झालेल्या सी. एच. रॉबिन्सन या अमेरिकन कंपनीचा युरोपातील रस्तेवाहतुकीचा विभाग २०२५ मध्ये तिच्याकडे आला. जुन्याने आपला व्यवसाय नव्याच्या हवाली करावा, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु दुसऱ्यांच्या पेढ्या विकत घेऊन वाढणे आणि आपल्या पेढीत नफा उरणे, या दोन बाबी भिन्न आहेत, आणि दुसरीचा पुरावा ताळेबंदातच पाहावयाचा असतो.

आणखी एक गोष्ट ऋतुमानाची. २०२१ हे वर्ष या सर्व कंपन्यांना भरतीचे गेले. मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझच्या कालव्यात सहा दिवस आडवे पडले. साथीमुळे बंदरे तुंबली होती. कंटेनरची भाडी त्या वर्षी कळसास पोचली. माल कोठे आहे, हे सांगणाऱ्यास कोणीही तोंडाला येईल ते मोल देण्यास तयार होते, आणि भांडवल स्वस्त होते. २०२२ मध्ये भाडी घसरली, आणि युरोपच्या मध्यवर्ती बँकेने अकरा वर्षांत प्रथमच जुलैमध्ये व्याजदर वाढविला. बर्लिनमध्ये २०२० साली निघालेली गोरिलाज ही घरपोच किराण्याची कंपनी वर्ष पुरे होण्याआधी १०० कोटी डॉलरची ठरली होती. डिसेंबर २०२२ मध्ये ती तुर्कस्तानच्या गेटिरने घेतली, आणि एप्रिल २०२४ मध्ये गेटिरनेही युरोपातून काढता पाय घेण्याचे जाहीर केले. ज्या कंपनीचे आकडे केवळ २०२१ चे दाखविले जातात, तिच्याकडे २०२३ चे आकडे मागावेत.

याच्या उलट उदाहरण रेलेक्सचे आहे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तीन संशोधकांनी २००५ साली ती काढली. किराणा दुकानांत ताजा माल किती मागवावा, हा प्रश्न तिने धरला. तो कमी मागविला तर गिऱ्हाईक परत जाते, अधिक मागविला तर सडतो, आणि सडण्यात केवळ पैशाचीच हिंसा नाही. वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांनी दिलेल्या पैशावर ती हळूहळू वाढली, आणि २०२२ मध्ये ब्लॅकस्टोन या अमेरिकन गुंतवणूकदाराने ५० कोटी युरो घातले तेव्हा तिचे मोल ५०० कोटी युरो धरले गेले. नॉर्वेच्या ऑटोस्टोअरने दाटीवाटीने रचलेल्या पेट्यांवरून यंत्रमानव फिरवून गोदामातील रिकामी जागा वाचविण्याची कल्पना १९९६ साली काढली. तिचे भाग ऑस्लोच्या शेअरबाजारात आले ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. पंचवीस वर्षे! आंबा आढीत घालून पिकवितात तसा गोदामाचा धंदा पिकविता येत नाही, असे आमचे मत आहे. पण भांडवल पुरविणारांस एवढा धीर नसतो, हेही खरे.

आता सभासदांना ज्यांची पत्रे सर्वाधिक येतात, त्या पारख करणाऱ्या कंपन्यांविषयी. इकोव्हॅडिस २००७ साली स्थापन झाली. पर्यावरण, कामगार व मानवी हक्क, नीतिमत्ता आणि खरेदीची रीत या चार अंगांनी ती प्रश्नावली देते, शंभरपैकी गुण देते आणि वरच्या श्रेणीच्या पेढ्यांस पदके देते. वर्गणी माल पुरविणाऱ्यानेच भरावयाची असते, आणि गुणपत्रक वर्षभरच ग्राह्य असते. ही कंपनी कच्ची मुळीच नाही. परंतु या वर्गातील नवउद्योगांची भरभराट पुष्कळशी कायद्याच्या जोरावर झालेली आहे, हे विसरू नये. माल पुरविणाऱ्यांकडे मानवी हक्कांचे पालन होते की नाही हे मोठ्या कंपन्यांनी तपासावे, असा कायदा जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून अंमलात आला. प्रथम ३,००० आणि २०२४ पासून १,००० कामगारांच्या कंपन्यांस तो लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसाच व्यापक निर्देश संमत केला, पण २०२५ मध्ये त्याच्या अंमलाची मुदत लांबणीवर टाकली. कायदा कडक झाला की अशा कंपन्या दहा निघतात. सैल झाला की त्यांतील कित्येकांचे गिऱ्हाईक ओसरते. गिऱ्हाईक स्वतःच्या गरजेने येते की सरकारच्या भीतीने, हे या वर्गाची पारख करताना प्रथम पाहिले पाहिजे. जे गरजेने आलेले असते ते कायदा बदलला तरी राहते.

इतक्या दूरच्या पेढीची माहिती बेळगाव, इंदूर वा हैदराबाद येथे बसून कशी काढावी, असे कोणी विचारील. ती बहुधा मोफत मिळते. ब्रिटनमधील कंपन्यांचे वार्षिक हिशेब तेथील कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर २०१५ पासून कोणासही विनाशुल्क पाहता येतात. जर्मनीची व्यापारी नोंदवही १ ऑगस्ट २०२२ पासून अशीच खुली आहे. लहान कंपन्यांस तेथे थोडीच माहिती द्यावी लागते, परंतु थोडीही पुरते. लागोपाठ तीन वर्षांचे ताळेबंद काढावेत. शिल्लक रोकड किती आणि दरमहा तोटा किती, हे पाहून भागाकार करावा. उदाहरणार्थ, २४ लाख युरो शिल्लक आणि दरमहा २ लाखांचा तोटा असेल, तर नवे भांडवल न मिळाल्यास ती पेढी वर्षभर चालेल. पेढी यापुढे चालू राहील की नाही याविषयी हिशेबतपासनिसाने शंका नोंदविली असेल, तर तो परिच्छेद आपल्या लेखापालाकडून समजून घ्यावा. हिशेब मुदतीत दाखल झाले नसतील, तर तेवढेही उत्तर पुरेसे समजावे.

माहितीच्या मालकीचा प्रश्न निराळा विचारावा लागतो. जर्मनीत उल्म येथे २००० साली निघालेली ट्रान्सपोरिऑन ही वाहतुकीची प्रणाली २०२३ मध्ये ट्रिंबल या अमेरिकन कंपनीने १८८ कोटी युरोंस घेतली. व्यवहार उघड आणि कायदेशीर होता. परंतु अशा प्रत्येक व्यवहारात यंत्राबरोबर त्यात भरलेल्या नोंदींचा कारभारही नव्या मालकाकडे जातो. १२ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघातील माहिती-कायद्याने तेथील ग्राहकांस एक प्रणाली सोडून दुसरीकडे जाताना आपल्या नोंदी बरोबर नेण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क मुख्यतः युरोपीय संघातील ग्राहकाचा आहे. येथून माल पुरविणाऱ्याने त्यावर विसंबू नये. प्रणालीत भरलेली प्रत्येक नोंद त्याच दिवशी आपल्या पेढीतही जतन करावी, आणि खरेदीचे दर व आपणांस माल देणाऱ्यांची नावे जेथे मागितली असतील तेथे ती खरोखरच आवश्यक आहेत काय, हे ग्राहकास लेखी विचारावे. अशा चौकशीने ग्राहक रागावतो, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

करारात पुढील दोन वाक्ये घालून घ्यावीत, असे आम्ही सुचवितो. भाषा वकिलाकडून नीट करून घेता येईल. ‘सदर प्रणाली कोणत्याही कारणाने बंद पडल्यास अगर उपलब्ध नसल्यास ईमेलने अथवा टपालाने पाठविलेले बीजक व मालाची कागदपत्रे ग्राह्य धरण्यात येतील. पैसे देण्याची मुदत बीजक प्रणालीत चढविल्याच्या तारखेपासून न मोजता माल सुपूर्द केल्याच्या तारखेपासून मोजण्यात येईल.’